रत्नागिरी ते वाशी एकच खाजगी नेटवर्क: अ‍ॅड्रेस प्लॅन आणि फायरवॉल कुठल्या क्रमाने लावायचं

चार गावांत पसरलेला धंदा एका खाजगी नेटवर्कवर आणायचा म्हटलं की बहुतेक जण पहिल्यांदा टनेल (इंटरनेटवरून दोन जागांना जोडणारी खाजगी, कुलूपबंद वाट) लावतात. टनेल लागतो, हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख पटल्याची खूण) दिसतो, सगळे खूश, आणि मग कळतं की दोन्ही टोकांना आयपी पत्त्यांचा पट्टा १९२.१६८.१.० च आहे आणि पलीकडचा प्रिंटर कधीच सापडणार नाही. मग तिथल्या तिथे नॅटचे (वाटेत पत्ता बदलण्याचे) जुगाड, त्यावर फायरवॉलमध्ये (कुणाला कुठे जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात) 'सध्यापुरतं' म्हणून सगळं अलाउ, आणि तो सध्यापुरता नियम पुढे दोन पावसाळे तसाच राहतो. अडचण राउटरची नसते, क्रमाची असते. आधी कागदावर पत्ते, मग प्रत्येक जागेचं आतलं नेटवर्क बदलणं, मग टनेल, आणि मग फायरवॉल. पत्ते नीट बसले असतील तर फायरवॉलचे नियम अर्धे आपोआप लिहिले जातात, म्हणून खाली पत्त्यांवर जास्त वेळ घालवलाय.

उदाहरण असं धरू: आंबा-काजूचा घरचा धंदा. मेन ऑफिस आणि बिलिंग सर्व्हर रत्नागिरीत, पॅकिंग शेड देवगडला (मार्च ते मे जोरात, नंतर कुलूप), गोडाऊन चिपळूणला, होमस्टे मालवणला, काजू फॅक्टरी वेंगुर्ल्याला आणि माल विकायचा गाळा वाशीला. टनेलसाठी वायरगार्ड (टनेल बनवणारा प्रोग्राम) धरलाय, कारण तो राउटरच्या मायक्रोटिकच्या व्हर्जन ७ पासून, ओपनडब्ल्यूआरटीवर, ओपीएनसेन्सवर अशा सगळ्या सिस्टिमवर मिळतो. मेनूची नावं तुमच्या डब्यावर (राउटरवर) वेगळी असतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: हात लावायच्या आधी काय गोळा करायचं

प्रत्येक जागेवर प्रत्यक्ष जाऊन, किंवा तिथल्या भरवशाच्या माणसाला व्हिडिओ कॉलवर घेऊन, एक यादी करा: कुठली लाईन आहे (फायबर का ४जी), ओएनटी (फायबरच्या टोकाला बसवलेला डबा) कुणाचा, त्यावर लॉगिन आपल्याकडे आहे का, आणि आत काय काय जोडलंय. यादीत कंप्युटर सगळे लिहितात. राहून जातो तो फ्रिजवर ठेवलेला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा), वजनकाट्याला जोडलेला बिलाचा प्रिंटर, कोल्ड स्टोरेजचा टेंपरेचर कंट्रोलर आणि हजेरीचं बायोमेट्रिक मशीन. यातल्या बऱ्याच गोष्टींना आयपी हाताने टाकलेला असतो आणि टाकणारा माणूस कधीच गाव सोडून गेलेला असतो, त्यामुळे नंबर बदलायच्या दिवशी त्याच गोष्टी बंद पडतात. प्रत्येक उपकरणाचा आयपी, तो हाताने टाकलाय का आपोआप मिळालाय, आणि त्याच्या स्क्रीनचा पासवर्ड, हे तीन कॉलम हवेतच.

मग लाईनची परीक्षा. राउटरच्या डब्ल्यूएएनवर (इंटरनेटकडच्या बाजूला) जो पत्ता दिसतो तो आणि बाहेरच्या 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवर दिसतो तो, दोन्ही सारखे आहेत का बघा. डब्ल्यूएएनवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांत बाहेरचा एकच पत्ता वाटून देण्याच्या सोयीच्या) मागे आहात, म्हणजे बाहेरून कुणी तुमचं दार वाजवूच शकत नाही. ४जीवर हे जवळजवळ ठरलेलंच, आणि बऱ्याच फायबरवरही आता असंच मिळतं. १९२.१६८ मधला दिसला तर ओएनटी स्वतःच राउटिंग करतोय, त्याला ब्रिज मोडवर (स्वतः राउटिंग न करता सगळं आरपार सोडणं) टाकायला सांगा, किंवा नंतर त्यातून एक पोर्ट पुढे पाठवावा लागेल.

सगळ्या जागांना पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) लागत नाही. एकाच जागेला लागतो, जिथे बाकीचे येऊन जोडले जाणार, म्हणजे हब. इथे ती रत्नागिरी. तिथे स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीचे महिन्याचे पैसे भरा, इथे कंजुसी नको. मिळतच नसेल तर मुंबईच्या डेटासेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेऊन त्यालाच हब करा, वर्षाचा खर्च आंब्याच्या काही पेट्यांचा आहे.

*तपासा:* हबचा पब्लिक आयपी राउटर बंद-चालू करून परत तोच येतो का. 'स्टॅटिक दिलाय' असं फोनवर सांगणं आणि खरंच दिलेला असणं, यात कधी कधी एक तिकीट आणि आठवडाभराचं अंतर असतं.

टप्पा २: कागदावर पत्ते

खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेत (आरएफसी १९१८ हा इंटरनेटच्या नियमांचा कागद, १९९६ साल): १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ (तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका लहान तितका पट्टा मोठा). तिसरा विसरा. बाजारातले बहुतेक राउटर १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ घेऊनच डब्यातून निघतात, त्यामुळे मालक घरून लॅपटॉप जोडणार तेव्हा त्याच्या घरचं वायफायपण तेच असणार आणि लॅपटॉपला कळणारच नाही की सर्व्हर इथला का तिथला. १७२.१७ डॉकर (सर्व्हरवर प्रोग्राम वेगवेगळे चालवणारं सॉफ्टवेअर) आपोआप घेतं, म्हणून तो पट्टाही नको. १० घ्या, पण १०.०, १०.१, १०.१० ही सोपी दारं सोडा, कारण उद्या सीएच्या ऑफिसशी किंवा एखाद्या एक्स्पोर्टरच्या नेटवर्कशी जोडायची वेळ आली तर त्यांनीही तीच घेतलेली असतात.

मी १०.१६०.०.०/१२ घेतो. यात १०.१६० पासून १०.१७५ पर्यंत सोळा खण येतात आणि अख्खा धंदा एका ओळीत लिहिता येतो, याचा फायदा राउटिंग आणि फायरवॉल दोन्हीत होतो. दुसरा आकडा म्हणजे जागा:

१६० रत्नागिरी (हब)
१६१ देवगड
१६२ चिपळूण
१६३ मालवण
१६४ वेंगुर्ला
१६५ वाशी
१६६ ते १७३ रिकामे
१७४ बाहेरून जोडणारे लॅपटॉप-मोबाईल
१७५ टनेलचे स्वतःचे पत्ते

तिसरा आकडा म्हणजे काम, आणि तो सगळ्या जागी तोच ठेवायचा, व्हीलॅनचा (एकाच तारेवर पाडलेल्या वेगळ्या नेटवर्कचा) नंबरही तोच: १० ऑफिसचे कंप्युटर, २० सर्व्हर, ३० प्रिंटर, ४० सीसीटीव्ही, ५० पाहुण्यांचं वायफाय, ६० मशीन आणि सेन्सर, ९९ राउटर-स्विचचा कारभार. जिथे एखादा प्रकार नाही तिथे तो नंबर रिकामा सोडा, दुसऱ्याला देऊ नका. आता १०.१६३.४०.१२ वाचलं की न विचारता कळतं: मालवणचा कॅमेरा. रात्री साडेअकराला फोनवर लॉग वाचून दाखवणाऱ्या माणसाला आणि ऐकणाऱ्याला, दोघांनाही हे फार उपयोगी पडतं.

चौथ्या आकड्याचंही ठरवून टाका: .१ गेटवे (म्हणजे राउटर), .२ ते .४९ हाताने टाकलेले, .५० ते .९९ डीएचसीपीमधून (राउटरची पत्ते वाटायची सोय) राखून दिलेले, .१०० ते .२२० आपोआप मिळणारे, म्हणजे पूल. हाताने टाकलेला पत्ता पूलच्या आत पडला की कधीतरी दोन उपकरणांना एकच आयपी मिळतो, आणि तो दोष शोधायला दिवस जातो कारण तो कधी दिसतो, कधी नाही. प्रिंटरला मात्र हाताने पत्ता न टाकता राउटरमधूनच राखून द्या, पुढच्या वेळी बदलायला पॅकिंग शेडला जावं लागणार नाही.

सीझनपुरत्या शेडबद्दल एकच: देवगड जूनमध्ये बंद झालं तरी १६१ त्याचाच. नंबर फुकट आहेत.

*सावध:* 'आपली जागा छोटी, /२८ पुरे' असं करू नका. पत्ते वाचवून कुणी बक्षीस देत नाही, उलट मे महिन्यात होमस्टेला एकेका कुटुंबाचे आठ-दहा मोबाईल येतात. पाहुण्यांच्या वायफायचा लीज (एकदा दिलेला पत्ता किती वेळ राखायचा ते) दोन तासांचा ठेवा, चोवीस तासांचा ठेवलात तर गेलेल्या पाहुण्यांचे फोन पत्ते अडवून बसतात.

टप्पा ३: कोण कुणाशी बोलणार, हेही कागदावरच

राउटर उघडायच्या आधी साध्या मराठीत वाक्यं लिहा. उदाहरणार्थ:

सगळ्या जागांचे ऑफिस कंप्युटर रत्नागिरीच्या बिलिंग सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने जातात. रत्नागिरी ऑफिसमधून सगळ्यांचे कॅमेरे बघता येतात, उलट नाही. सर्व्हर वाशीच्या प्रिंटरवर छापतो. पाहुण्यांचं वायफाय फक्त इंटरनेटला जातं. कॅमेरे कुठेच स्वतःहून जात नाहीत. कारभाराचं नेटवर्क सगळीकडे जातं.

बस, एवढंच असतं. दहा-बारा वाक्यांच्या वर गेलात तर काहीतरी जास्तीचं उघडताय. वाक्यात 'सगळे सगळीकडे' आलं की थांबा, कारण मालवणच्या रिसेप्शनवरच्या कंप्युटरला कुणी पाहुण्याने बोर्डिंग पास छापायला म्हणून दिलेला पेनड्राइव्ह लागतो, आणि त्यातून आलेली कीड टनेलमधून थेट बिलांपर्यंत पोचू शकते. टनेल म्हणजे विश्वास असं समजणं, ही या कामातली सगळ्यात महागडी समजूत.

इथेच एक ठरवून टाका: टॅलीचा डेटा फोल्डर टनेलवरून शेअर करून उघडायचा नाही. ४जी मध्येच अडखळला की डेटा बिघडायची भीती असते आणि एरवीही ते रेंगाळतंच. सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपने बसा, तारेवरून फक्त चित्र येतं. मग नियमही एकच उरतो, टीसीपी ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट). फाइल शेअरिंगचं ४४५ जागांच्या मध्ये उघडायची गरजच राहत नाही.

टप्पा ४: आतले पत्ते बदलणं

हे टनेलच्या आधी. एका वेळी एकच जागा, आणि ज्या जागेवर कामाचा ताण कमी तिथून सुरुवात. देवगडचं जानेवारीत उरकून घ्या, एप्रिलमध्ये त्या शेडला कुणी तुम्हाला राउटरच्या जवळपण फिरकू देणार नाही.

आदल्या दिवशी डीएचसीपीचा लीज अर्ध्या तासावर आणा. बदलाच्या दिवशी राउटरच्या त्याच पोर्टवर जुना आणि नवा, दोन्ही पत्ते ठेवा, डीएचसीपी नवे वाटायला लागेल, आणि हाताने आयपी टाकलेल्या गोष्टी जुन्यावर चालत राहतील. मग यादी घेऊन एकेक प्रिंटर, डीव्हीआर, बायोमेट्रिक बदला. सगळं नवीन जागी दिसलं की चार-पाच दिवसांनी जुना पत्ता काढा. दोन पत्ते ठेवायचं हे सोडून थेट बदल केलात तर पहिला फोन वजनकाट्यावरून येणार, 'बिल छापत नाय हा'.

व्हीलॅन त्यानंतर पाडा. स्विच मॅनेज्ड (व्हीलॅन समजणारा) नसेल तर किमान कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय राउटरच्या वेगळ्या पोर्टांवर घ्या, तेवढ्यानेही मोठं काम होतं.

*तपासा:* जुन्या पट्ट्यातलं कुणी उरलंय का, ते राउटरच्या एआरपी यादीत (कुठला पत्ता कुठल्या उपकरणाकडे ते दाखवणारी यादी) बघा. माणसांना विचारून हे कळत नाही.

टप्पा ५: टनेल

१. प्रत्येक राउटरवर त्याची वायरगार्डची किल्ल्यांची जोडी (एक खाजगी, एक सार्वजनिक) त्याच राउटरने तयार करायची. खाजगी किल्ली डब्यातून बाहेर येतच नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नाही. सार्वजनिक किल्ली खुशाल पाठवा.

२. टनेलचे पत्ते: हब १०.१७५.०.१, देवगड १०.१७५.०.१६१, चिपळूण १०.१७५.०.१६२, असं जागेच्या नंबरावरून.

३. हबवर प्रत्येक पिअरच्या (टनेलच्या पलीकडच्या टोकाच्या) 'अलाउड आयपी'मध्ये त्या जागेचंच लिहायचं, उदा. देवगडसाठी १०.१६१.०.०/१६ आणि १०.१७५.०.१६१/३२. जागांवर हबच्या पिअरसमोर एकच ओळ: १०.१६०.०.०/१२. वायरगार्डमध्ये ही यादी दोन कामं करते, जाताना पाकीट (डेटाचा तुकडा) कुठल्या पिअरला द्यायचं ते ठरवते आणि येताना त्या पिअरकडून कुठल्या पत्त्याचं पाकीट घ्यायचं तेही ठरवते. हबवर दोन पिअरना एकच पट्टा लिहिला गेला तर शेवटी लिहिलेल्याकडे तो जातो आणि आधीची जागा गप होते, एररही येत नाही. नवीन जागा जोडली आणि जुनी बंद पडली, तर पहिल्यांदा हेच बघा.

४. मायक्रोटिकवर अलाउड आयपी लिहिले म्हणून रूट (कुठल्या पत्त्यासाठी कुठली वाट ते) तयार होत नाही, तो वेगळा टाकावा लागतो. लिनक्सवरच्या नेहमीच्या स्क्रिप्टला तो आपोआप टाकायची सवय असते, त्यामुळे तिकडून आलेले लोक इथे हटकून अडकतात.

५. प्रत्येक जागेवर तिच्या स्वतःच्या /१६ साठी एक ब्लॅकहोल रूट (आलेलं पाकीट तिथेच टाकून देणारी वाट) टाका आणि हबवर अख्ख्या /१२ साठी. नाहीतर देवगडच्या कंप्युटरने १०.१६१.७७.५ असा नसलेला पत्ता मागितला की राउटर तो हबकडे पाठवतो, हब म्हणतो हा तर देवगडचा आणि परत पाठवतो, आणि ते पाकीट आयुष्य संपेपर्यंत ये-जा करत राहतं. एखादं व्हायरसवालं मशीन पत्ते चाचपायला लागलं तर ४जीचा डेटा यातच जातो.

६. कीपअलाइव्ह (टनेल जागा ठेवणारा छोटा निरोप) २५ सेकंद, आणि तो जागांच्या बाजूला. जागा सीजीनॅटच्या मागे असतात, आतून अधूनमधून हालचाल झाली नाही तर कंपनीच्या नॅटमधली वाट बुजते आणि हबला जागेपर्यंत पोचता येत नाही.

आता कोकणात हमखास भेटणारी भानगड. लाईट गेली, आली, राउटर चालू, इंटरनेट चालू, पण टनेल मात्र मेलेला. याचं कारण बऱ्याचदा घड्याळ असतं. छोट्या राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, चालू झाल्यावर तो जुन्या तारखेत जागा होतो. वायरगार्डच्या हँडशेकमध्ये वेळेचा शिक्का असतो, आणि आधी पाहिलेल्या शिक्क्यापेक्षा जुना शिक्का आला की हब तो गुपचूप टाकून देतो. म्हणून वेळ जुळवणारं एनटीपी नेहमी थेट इंटरनेटवरून घ्यायचं, टनेलपलीकडच्या सर्व्हरवरून कधीच नाही, नाहीतर वेळेला टनेल हवा आणि टनेलला वेळ हवी, दोघंही बसून राहतात. डीएनएसचं (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सोयीचं) तसंच: जागेचा डीएनएस जागेच्याच राउटरवर ठेवा, हबवर ठेवलात तर रत्नागिरीची फायबर तुटली की मालवणच्या पाहुण्यांचं इंटरनेटपण बंद. चौपदरीकरणाच्या कामात महामार्गाकडेच्या केबलचं काय होतं हे सगळ्यांना माहितीच आहे.

आणि इन्व्हर्टरवर राउटर टाकताना ओएनटीपण टाका. निम्म्या ठिकाणी तो राहून जातो.

*तपासा:* पिंग (पलीकडचा पत्ता उत्तर देतो का ते बघणं) करताना राउटरवरून नुसतं पिंग करू नका, तो टनेलचा पत्ता लावून पाठवतो आणि सगळं छान दिसतं. सोर्स म्हणून आतल्या नेटवर्कचा पत्ता द्या, उदा. १०.१६१.१०.१ वरून १०.१६०.२०.१ ला. आधी पलीकडचा राउटर, मग प्रिंटर, आणि शेवटी विंडोजचा कंप्युटर, या क्रमाने. विंडोजची स्वतःची फायरवॉल दुसऱ्या सबनेटवरून आलेलं पिंग सहसा घेत नाही, तेव्हा फक्त कंप्युटरच गप असेल तर टनेल उकरत बसू नका.

*तपासा:* पिंग जातं पण रिमोट डेस्कटॉप काळा पडतो, मोठी फाइल मध्येच अडकते, म्हणजे एमटीयू (एका पाकिटाचा जास्तीत जास्त आकार). वायरगार्डचा नेहमीचा १४२० साध्या फायबरवर चालतो, ४जीवर कधी कधी नाही. १३८० करून बघा, मग तुकडे न करण्याचा पर्याय लावून १३५२ बाइटचं पिंग पाठवा, गेलं तर ठीक, नाहीतर अजून खाली या. सोबत टीसीपीचा एमएसएस क्लॅम्प (पाकिटं त्या आकारात बसवणारी सेटिंग) लावा.

टप्पा ६: फायरवॉल

पहिली गोष्ट: बदल करताना परतीची वाट ठेवा. मायक्रोटिकवर सेफ मोड आहे (टर्मिनलमध्ये कंट्रोल आणि एक्स), तुमचा संपर्क तुटला तर केलेले बदल काही मिनिटांत आपोआप मागे जातात. दुसऱ्या डब्यावर असं काही नसेल तर त्या जागेवर लॅपटॉप आणि मोबाईलचं नेट घेऊन एक माणूस बसवा. शेवटचा 'सगळं ड्रॉप' नियम रत्नागिरीत बसून वेंगुर्ल्याच्या राउटरवर टाकायचा आणि मग वेंगुर्ल्याला गाडी काढायची, हा प्रवास टाळता येतो.

नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जुळला की पुढचे बघितलेच जात नाहीत. दोन वेगळ्या याद्या आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा: इनपुट म्हणजे खुद्द राउटरकडे येणारं, फॉरवर्ड म्हणजे राउटरमधून आरपार जाणारं. सर्व्हर वाचवायला इनपुटमध्ये नियम लिहून 'चालत नाही' म्हणणारे खूप भेटतात. ओपीएनसेन्स वापरणाऱ्यांनी नियम त्या इंटरफेसवर लिहायचा जिथून पाकीट आत येतं.

इनपुट, या क्रमाने:

१. एस्टॅब्लिश्ड आणि रिलेटेड (आधीच चालू असलेल्या बोलण्याची पाकिटं आणि उत्तरं): घ्या
२. इनव्हॅलिड: ड्रॉप
३. आयसीएमपी: घ्या (पिंग बंद करून सुरक्षा येत नाही, एमटीयूचे निरोप मात्र हरवतात)
४. डब्ल्यूएएनवरून यूडीपी ५१८२० (वायरगार्डचं पोर्ट): घ्या, फक्त हबवर
५. आतल्या व्हीलॅनवरून डीएनएस आणि डीएचसीपी: घ्या
६. आपल्या ९९ मधून आणि १०.१६०.९९.०/२४ मधून राउटरचा कारभार: घ्या
७. बाकी सगळं: ड्रॉप

पाचव्या नियमात 'आतल्या' हा शब्द गाळू नका. डब्ल्यूएएनवर डीएनएस उघडा राहिला की जगातले लोक तुमच्या राउटरवरून दुसऱ्यांवर मारा करतात आणि तुम्ही कंपनीला फोन करून स्पीड कमी आल्याची तक्रार करत बसता.

फॉरवर्ड:

१. एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड: घ्या
२. इनव्हॅलिड: ड्रॉप
३. ५० मधून तिन्ही खाजगी पट्ट्यांकडे: ड्रॉप
४. ५० मधून डब्ल्यूएएनकडे: घ्या
५. ४० मधून कुठेही: ड्रॉप
६. सगळ्या जागांच्या १० मधून १०.१६०.२०.१० ला टीसीपी ३३८९: घ्या
७. १०.१६०.१०.०/२४ मधून सगळ्यांच्या ४० ला: घ्या
८. सर्व्हरकडून ३० ला छपाईचं टीसीपी ९१००: घ्या
९. ९९ मधून सगळीकडे: घ्या
१०. १० आणि २० मधून डब्ल्यूएएनकडे: घ्या
११. बाकी सगळं: लॉग करा, ड्रॉप

तिसरा आणि चौथा उलटे झाले तरी सहसा चालतं, पण डब्ल्यूएएनच्या जागी कुणी 'कुठेही' लिहिलं की पाहुणे आत. पाचव्यामुळे कॅमेरे उत्तर देऊ शकत नाहीत असं वाटतं, पण उत्तरं पहिल्या नियमातच निघून जातात. स्वतःहून चालू केलेलं काहीच बाहेर जात नाही. डीव्हीआरला वेळ राउटरकडून द्या, त्यासाठी इनपुटमध्ये ४० वरून यूडीपी १२३ ची एक ओळ वाढवा. मोबाईलवर कॅमेरे बघायचे असतील तर मालकाच्या फोनवर वायरगार्ड टाका, त्याला १७४ मधला पत्ता आणि फक्त ४० ची परवानगी. डीव्हीआरचं पोर्ट बाहेर उघडणं आणि यूपीएनपी (उपकरणाने स्वतःहून राउटरचं पोर्ट उघडून घेणं) चालू ठेवणं, दोन्ही बंद.

हेच नियम हबवरही हवेत आणि जागांवरही. मालवण ते देवगड जाणारं पाकीट हबच्या फॉरवर्डमधून जातं, तिथेच ते अडायला हवं. एकाच टोकाला नियम लावले तर त्या टोकाचा राउटर कुणी रिसेट केला की दार सताड उघडं.

नॅट: मास्करेडच्या (आतले पत्ते राउटरच्या एका पत्त्यामागे लपवण्याच्या) नियमात बाहेर जाणारा इंटरफेस डब्ल्यूएएनच लिहा. रिकामा ठेवलात तर टनेलमधलं सगळंही नॅट होतं, पलीकडच्या सर्व्हरला सगळे कंप्युटर एकाच पत्त्याचे दिसतात, आणि एवढा मांडलेला अ‍ॅड्रेस प्लॅन लॉगमध्ये वाया जातो.

आयपीव्ही६ (नव्या प्रकारचे लांब आयपी पत्ते) वेगळं बघा. लाईनवाल्याने ते चालू केलं असेल तर आतल्या उपकरणांना थेट बाहेरचे पत्ते मिळतात आणि वरचे नियम बऱ्याच डब्यांवर त्यांना लागू होत नाहीत. एकतर त्याचे तसेच नियम लिहा, फक्त आयसीएमपीव्ही६ अडवू नका, किंवा तोवर आतल्या बाजूला ते बंद ठेवा.

टप्पा ७: चालतंय का, आणि अडतंय का

चालतंय का हे सगळे बघतात. अडतंय का हे मुद्दाम बघावं लागतं. मालवणच्या पाहुण्यांच्या वायफायवर मोबाईल जोडा आणि बिलिंग सर्व्हर, राउटरचं पान, डीव्हीआर उघडायचा प्रयत्न करा, एकही उघडता कामा नये. देवगडच्या १० मधून मालवणच्या कॅमेऱ्याकडे जाऊन बघा, तेही अडायला हवं. मोबाईल डेटावरून हबच्या पब्लिक आयपीवर ३३८९, ८२९१, ८०, ८००० ही पोर्ट तपासा, तीही बंदच हवीत. मग टप्पा ३ मधलं एकेक वाक्य घ्या आणि समोर बरोबर-चूक लिहा. ड्रॉपच्या लॉगमध्ये पहिले दोन-तीन दिवस काय येतंय ते वाचा, विसरलेलं उपकरण तिथेच सापडतं.

लॉग राउटरच्या मेमरीत राहू देऊ नका, लाईट गेली की पुसले जातात. सिसलॉगने (लॉग दुसरीकडे पाठवायची सोय) हबवरच्या एनएएसवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या डब्यावर) पाठवा. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचे लॉग देशात ठेवायला आणि घड्याळं एनटीपीने जुळवायला सांगितलंय, तेवढी जागा एनएएसवर धरून चाला.

टप्पा ८: पावसाळ्याआधी आणि सीझन संपल्यावर

प्रत्येक राउटरचा कॉन्फिग एक्स्पोर्ट काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि डब्यावर लेबल: जागेचा नंबर, गेटवे, कुठली तार कुठल्या पोर्टात. लेबल छापील आणि टेप मारलेलं, पेनाने लिहिलेलं जुलैपर्यंत उरत नाही. चिपळूणसारख्या ठिकाणी रॅक जमिनीवर नको, २२ जुलै २०२१ चं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, निदान पहिल्या मजल्यावर न्या. दोन शेडच्या मध्ये उघड्यावरून तांब्याची लॅन केबल टाकली असेल तर वीज तिच्यातूनच दोन्ही स्विच घेऊन जाते. तिथे फायबर टाका.

देवगड बंद करताना हबवरचा पिअर डिलीट न करता डिसेबल करा, आणि शेडमधला राउटर काढून ऑफिसच्या कपाटात ठेवा, तिथे राहिला तर पुढच्या वर्षी आत पालीची अंडी आणि पोर्टांना गंज. मार्चमध्ये परत लावताना आधी फर्मवेअर अपडेट, मग घड्याळ, मग पिअर एनेबल, आणि टप्पा ७ सारखी देवगडची वाक्यं पुन्हा एकदा तपासा. सगळी वाक्यं बरोबर आली की मगच शेडवाल्यांना बिलिंग चालू करायला सांगा.